अर्काची ओळखपरेड: वनौषधींचा दर्जा क्रोमॅटोग्राफीने कसा तपासतात

मूळ, पान, साल, फळ असं अख्खं हातात असतं तोवर वनस्पती ओळखता येते. जाणकार माणूस मोडून, हुंगून, जिभेला लावून सांगतो. बारीक चूर्ण केलं तरी सूक्ष्मदर्शकाखाली पिष्टकण, पानावरची लव, सालीचे तंतू दिसतात आणि त्यांवरून छडा लागतो. पण एकदा अर्क काढून वाळवला की हे सगळं पुसलं जातं. उरते एक तपकिरी, कडसर भुकटी. झाकण उघडं राहिलं की हवेतला ओलावा ओढून तिचे गोळे होतात. अशा पाच बाटल्या शेजारी ठेवून लेबलं काढली, तर आयुष्यभर हेच काम केलेला माणूसही गप्प बसेल.

कॅप्सूलमध्ये आणि गोळीत बहुतेक वेळा हीच भुकटी असते. ती ओळखायची कशी?

रासायनिक औषधाच्या गोळीचा मामला सोपा असतो. आत एक औषध, बाकी भराव. त्या एकाचं प्रमाण मोजलं की काम संपलं. वनस्पतीत मात्र शेकडो घटक एकत्र नांदत असतात. त्यांतला नेमका कोण गुण देतो यावर बऱ्याचदा एकमत नसतं, आणि तेच झाड वेगळ्या जमिनीत वाढलं, वेगळ्या ऋतूत काढलं, उन्हात वाळवलं की सावलीत, यावर घटकांचं प्रमाण बदलतं. तेव्हा आधी ही गर्दी पांगवायची, एकेकाला वेगळं उभं करायचं आणि मग मोजायचं. या पांगवण्याच्या तंत्राला क्रोमॅटोग्राफी म्हणतात.

त्याचं मूळ तत्त्व टीपकागदाच्या तुकड्यावरही दिसतं. काळ्या स्केच पेनने, पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा, कागदाच्या खालच्या कडेपासून बोटभर वर एक ठिपका द्या. कागदाची फक्त कड पाण्यात बुडेल असा तो पेल्यात उभा करा. पाणी कागदातून वर चढतं, ठिपक्याला गाठतं आणि शाईला घेऊन निघतं. पाचेक मिनिटांत काळ्या ठिपक्याच्या जागी निळा, जांभळा, गुलाबी, पिवळा असे पट्टे एकावर एक दिसू लागतात. शाई काळी नव्हतीच, तीन-चार रंगांची मिसळ होती. प्रत्येक रंगाला दोन ओढी असतात: कागद धरून ठेवतो, पाणी पुढे नेतं. कागदाची ओढ जास्त असेल तो मागे रेंगाळतो, पाण्याशी सूत जमेल तो पुढे जातो. क्रोमॅटोग्राफीचे पुढचे सगळे प्रकार याच ओढाताणीचे. कागदाच्या जागी दुसरं काही येतं आणि पाण्याच्या जागी दुसरं.

हे तंत्र जन्मालाच आलं वनस्पतीपासून. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाला पानातली रंगद्रव्यं वेगळी करायची होती. त्याने काचेच्या नळीत खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ठासून भरली आणि वरून पानांचा अर्क ओतला. खाली उतरताना हिरव्या-पिवळ्या रंगांची वलयं एकमेकांपासून सुटी झाली. याबद्दल तो 1903 मध्ये वॉर्सॉत बोलला आणि 1906 च्या लेखात त्याने या पद्धतीचं नाव ठेवलं: क्रोमॅटोग्राफी, ग्रीकमध्ये रंगलेखन. गंमत अशी की रशियनमध्ये ‘त्स्वेत’ म्हणजेच रंग. नाव ठेवताना गडी स्वतःचीच सही करून गेला की काय, कोण जाणे.

पुढे 1938 मध्ये खारकिव्हमध्ये इझमाइलोव्ह आणि श्राइबर यांना औषधी वनस्पतींचे अर्क झटपट तपासायचे होते. नळी भरत बसण्याऐवजी त्यांनी काचेवर पातळ थर पसरला आणि त्यावर अर्काचा थेंब टाकला. पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे टीएलसीची, ही सुरुवात. वनौषधींच्या प्रयोगशाळेत आजही सर्रास चालणारी चाचणी हीच, आणि ती मुळात याच कामासाठी निघाली होती हे फार जणांना ठाऊक नसतं.

हळदीची प्लेट जवळून पाहू. हळकुंडाचं चूर्ण, अर्धा-एक ग्रॅम, मिथेनॉलमध्ये घालून हलवायचं आणि गाळून घ्यायचं. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या प्लेटवर सिलिकाचा थर असतो, जाडी जेमतेम 0.2 मिलिमीटर. त्याच्या खालच्या कडेजवळ या द्रावणाची काही मायक्रोलिटरची बारीक रेघ द्यायची. शेजारी खात्रीच्या हळदीची रेघ, त्याच्या शेजारी शुद्ध करक्युमिनची, म्हणजे हळदीतल्या मुख्य पिवळ्या द्रव्याची. मग प्लेट बंद चेंबरमध्ये उभी करायची. तळाशी क्लोरोफॉर्म आणि त्यात थोडं मिथेनॉल, साधारण 95 ला 5. द्रावक सहा-सात सेंटिमीटर वर चढला की प्लेट बाहेर काढून वाळवायची.

हळदीच्या रेघेतून तीन पिवळे पट्टे निघालेले दिसतात. सगळ्यात वर करक्युमिन, मध्ये डीमेथॉक्सीकरक्युमिन, खाली बिसडीमेथॉक्सीकरक्युमिन. हा क्रम योगायोगाने येत नाही. सिलिकाला रेणूंतले ध्रुवीय, म्हणजे विजेचा भार एका बाजूला झुकलेले, गट आवडतात, ती हायड्रॉक्सिल गटांना धरून ठेवते. करक्युमिनच्या दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिलच्या शेजारी एकेक मेथॉक्सी गट बसलेला असतो आणि तो हायड्रॉक्सिलला आपल्यातच गुंतवून ठेवतो. सिलिकाच्या हाती फारसं काही लागत नाही आणि करक्युमिन वर निघून जातं. दुसऱ्या घटकात असा शेजारी एकच, तिसऱ्यात एकही नाही, म्हणून तो सगळ्यात मागे. पट्टा किती वर गेला भागिले द्रावक किती वर गेला, या गुणोत्तराला आरएफ म्हणतात. ते शून्य ते एकच्या मध्ये असतं.

हीच प्लेट 366 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरली की तिन्ही पट्टे चमकतात. चूर्णात कुणी मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग मिसळला असेल, तर त्याचा पिवळा पट्टा या तिघांत बसत नाही. तो सल्फोनिक आम्लाचा गट असलेला, अतिध्रुवीय रंग. या द्रावकाबरोबर तो फारसा हलतच नाही, सुरुवातीच्या रेघेपाशी चिकटून राहतो. डोळ्याला दोन्ही पिवळेच; प्लेटवर एक वर आणि एक तळाशी.

याच प्लेटवर आणखी एक लबाडी उघडी पडते, आणि माझ्या मते ती जास्त शिकवणारी आहे. करक्युमिन कारखान्यातही बनवता येतं. ते अर्कात मिसळलं आणि फक्त करक्युमिन मोजलं, तर आकडा उत्तम येतो. पण कारखान्यात बनतं ते एकटं करक्युमिन, खालचे दोघे त्याच्याबरोबर येत नाहीत. पहिला पट्टा भरदार आणि खालचे दोन नुसते नावाला, असं चित्र दिसलं की शंका घ्यावी. हुशार माणूस तिन्ही बनवून योग्य प्रमाणात मिसळेल, मग? मग कार्बन-14, म्हणजे काळाबरोबर विरत जाणारा किरणोत्सारी कार्बन, मोजतात. खनिज तेलापासून बनलेल्या रेणूत तो उरलेला नसतो, ताज्या वनस्पतीत असतो. पण तिथे क्रोमॅटोग्राफीची हद्द संपते.

हे सगळं वाचायला सरळ वाटतं, प्रत्यक्षात प्लेट फार लहरी असते. एका दमट दिवशी मी लावलेल्या प्लेटवर खात्रीच्या नमुन्यासकट सगळेच पट्टे नेहमीपेक्षा वर पोचले होते. अर्धा दिवस मी द्रावक पुन्हा मिसळण्यात घालवला. दोष द्रावकाचा नव्हता, हवेचा होता. सिलिका हवेतलं पाणी पिते, मग तिची पकड सैल होते आणि सगळेच पुढे सरकतात. म्हणून आता प्लेट धावायच्या आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावरच्या हवेत ठेवतात. तिथली आर्द्रता साधारण 33 टक्क्यांवर स्थिर राहते. बारीक कणांचा थर, यंत्राने दिलेल्या रेघा, ठरावीक आर्द्रता, कॅमेऱ्याने काढलेला फोटो अशी शिस्त लावलेल्या टीएलसीला एचपीटीएलसी म्हणतात. त्या दिवशी मला तारलं ते मात्र जुन्याच नियमाने: संदर्भ नमुना त्याच प्लेटवर, शेजारीच हवा. दोघे एकाच हवेत, एकाच द्रावकात धावलेले असतात, म्हणून हवा बिघडली तरी तुलना टिकते.

ओळख चुकली तर काय होतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण ब्रुसेल्सचं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका वजन घटवण्याच्या क्लिनिकमध्ये स्त्रियांना चिनी वनौषधी असलेल्या कॅप्सूल दिल्या जात होत्या. त्यांत स्टेफानिया टेट्रांड्रा या वेलीचं मूळ असायला हवं होतं. चिनीत तिला हान फांग जी म्हणतात. ॲरिस्टोलोकिया फांगची या वेगळ्याच वेलीचं नाव आहे ग्वांग फांग जी. नावांतलं साम्य भोवलं आणि एकीच्या जागी दुसरी आली. ॲरिस्टोलोकियात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंड निकामी करतं आणि कर्करोगही घडवतं. 1993 मध्ये पहिला वैद्यकीय अहवाल आला. पुढे बाधितांची संख्या शंभरावर गेली. कित्येकींना डायलिसिस लागलं, काहींना मूत्रपिंड बदलावं लागलं, काहींना नंतर मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. भुकटीत स्टेफानियाचं टेट्रांड्रिन नाही आणि ॲरिस्टोलोकिक आम्ल आहे, हे क्रोमॅटोग्राफीने दाखवलं, पण उशिरा. भुकटी कॅप्सूलमध्ये भरण्याआधी एक प्लेट लावली असती तर तेव्हाच दिसलं असतं.

नावांचा घोळ आपल्यालाही नवा नाही. ब्राह्मी म्हणून कुणी बॅकोपा देतो, कुणी सेंटेला, म्हणजे मंडूकपर्णी. पहिलीत बॅकोसाइड, दुसरीत एशियाटिकोसाइड. प्लेटवर दोघींची चित्रं इतकी वेगळी येतात की वादाला जागा राहत नाही.

प्लेट ओळख पटवते. किती आहे हे काटेकोर सांगायला बहुधा एचपीएलसी वापरतात. पोलादी नळी, 15 ते 25 सेंटिमीटर लांब, आतला व्यास 4.6 मिलिमीटर, आत पाचेक मायक्रॉनचे सिलिकाचे कण. बहुतेक नळ्यांत या कणांवर 18 कार्बनच्या तेलकट साखळ्या चिकटवलेल्या असतात. त्यामुळे इथे खेळ उलटतो: प्लेटवर मागे राहणारे ध्रुवीय घटक आधी बाहेर पडतात आणि तेलकट घटक अडकून बसतात. इतक्या दाट भरलेल्या नळीतून द्रावक सहजासहजी जात नाही, त्याला पंपाने ढकलावं लागतं, तेही वातावरणाच्या शेकडोपट दाबाने. दुसऱ्या टोकाला डिटेक्टर असतो. एखादा घटक त्याच्या समोरून गेला की आलेखावर एक टेकडी उठते, तिला पीक म्हणतात. पीक किती मिनिटांनी आलं त्यावरून कोण याचा अंदाज बांधतात, आणि पीकच्या क्षेत्रफळावरून किती. शुद्ध घटकाची चार-पाच वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणं आधी सोडून सरळ रेषा काढलेली असते, तिच्यावर नमुन्याचं क्षेत्रफळ बसवलं की टक्केवारी मिळते.

आता ‘अंदाज’ हा शब्द का वापरला ते सांगतो. दोन वेगळे घटक एकाच मिनिटाला बाहेर पडू शकतात. एकाच वेळी दारातून आलेल्या दोघांना एकच माणूस समजण्यासारखं हे आहे. म्हणून चांगला डिटेक्टर पीकचा प्रकाश शोषण्याचा आलेखही टिपतो आणि तो शुद्ध घटकाच्या आलेखाशी ताडून पाहतात. शिवाय डिटेक्टर जे पाहू शकतो तेवढंच दिसतं. करक्युमिन रंगीत असल्याने लख्ख दिसतं. जिंको या झाडाच्या पानांतले जिंकोलाइड नावाचे घटक अतिनील प्रकाश जेमतेम शोषतात. त्यांच्यासाठी द्रावक उडवून मागे राहिलेल्या कणांवर प्रकाश पाडणारा वेगळा डिटेक्टर लागतो.

जिंकोचा विषय निघालाच आहे तर तिथे थांबलं पाहिजे. एका घटकाच्या आकड्यावर विसंबलं की कशी फसगत होते हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

जिंको बिलोबाच्या पानांच्या शुद्ध केलेल्या अर्कात युरोपियन फार्माकोपियाप्रमाणे, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत नियमग्रंथाप्रमाणे, 22 ते 27 टक्के फ्लॅव्होनॉइड या गटातली वनस्पतिद्रव्यं असावी लागतात. ती पानात साखरेला जोडलेल्या रूपात असतात, आणि साखरांच्या निरनिराळ्या जोड्यांमुळे त्यांचे खूप प्रकार होतात. प्रत्येकाचं पीक मोजणं कटकटीचं. म्हणून युक्ती काढली: अर्क आम्लात उकळायचा, साखरा तोडून टाकायच्या, मग क्वेर्सेटिन, केम्पफेरॉल आणि आयसोऱ्हॅम्नेटिन हे तीनच सांगाडे उरतात. तिघांना मोजायचं, आणि गुणून मूळ आकडा काढायचा. छान, सोपी पद्धत.

लबाडाने ती नीट वाचली. रुटिन नावाचं फ्लॅव्होनॉइड दुसऱ्या झाडांपासून स्वस्तात मिळतं. तेही साखरेला जोडलेलं क्वेर्सेटिनच. पातळ, कमकस अर्कात रुटिन घाला, उकळा, क्वेर्सेटिनचं पीक उंचावतं आणि बेरीज 24 टक्के भरते. चाचणी पास! उकळण्याने अस्सल आणि नकली यांच्यातला फरकच मिटवून टाकलेला असतो. पकडायचं कसं? एक तर क्वेर्सेटिन आणि केम्पफेरॉल यांचं गुणोत्तर पाहा. अस्सल अर्कात केम्पफेरॉल इतकं मागे पडत नाही. दुसरं, न उकळलेला अर्क प्लेटवर लावा. तिथे रुटिनचा पट्टा बेढब जाड दिसतो आणि जिंकोच्या स्वतःच्या पट्ट्यांची रांग फिकी पडलेली असते. सोफोरा जॅपोनिका या झाडाचा अर्क मिसळला असेल तर जेनिस्टीन सापडतं. जिंकोच्या अर्कात त्याचं ठळक पीक येण्याचं काहीच कारण नाही.

बिलबेरी या जांभळ्या रंगाच्या छोट्या फळाची गोष्ट याच जातीची. अर्काचा लाल-जांभळा रंग किती गडद आहे यावरून अँथोसायनिनचं, म्हणजे फळाला रंग देणाऱ्या द्रव्यांचं, प्रमाण ठरवत, नुसत्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत अशा एका अर्कात अमरँथ हा कृत्रिम लाल रंग निघाला. स्पेक्ट्रोफोटोमीटरला लाल तेवढा लाल. एचपीएलसीवर बिलबेरीची पंधरा अँथोसायनिनं आपापल्या जागी रांगेत उभी राहतात, आणि त्या रांगेत परका लगेच दिसतो.

म्हणून एका मार्करच्या, म्हणजे मोजायला निवडलेल्या एकाच घटकाच्या, टक्केवारीपेक्षा माझा विश्वास संपूर्ण चित्रावर जास्त. त्याला फिंगरप्रिंट म्हणतात: कुठले पट्टे, कुठल्या जागी, एकमेकांच्या तुलनेत किती ठळक. एक पीक उंच करणं सोपं आहे. तीस पीकांची आपसातली प्रमाणं राखून नक्कल करायची तर ती वनस्पतीच वापरणं स्वस्त पडेल. अर्थात निसर्गात दोन झाडं सारखी नसतात, त्यामुळे फिंगरप्रिंट हुबेहूब जुळावा असा हट्टही चालत नाही. निरनिराळ्या ठिकाणचे, निरनिराळ्या हंगामांतले खात्रीचे पुष्कळ नमुने आधी लावून किती फरक चालतो हे ठरवावं लागतं. हे काम कंटाळवाणं, खर्चिक आणि म्हणून सगळ्यात जास्त टाळलं जाणारं.

गॅस क्रोमॅटोग्राफी थोडक्यात. उडून जाणाऱ्या घटकांसाठी, म्हणजे निलगिरी, पुदिना, लवंग यांच्या तेलांसाठी ती वापरतात. तापवलेल्या, केसासारख्या बारीक, तीसेक मीटर लांब नळीतून हेलियम वाहतो आणि वाफेतले घटक एकामागून एक बाहेर येतात. तिच्या किंवा एचपीएलसीच्या टोकाला मास स्पेक्ट्रोमीटर जोडला, तर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रेणूचं वजन कळतं आणि तो कसा तुटतो तेही. कीटकनाशकांचे अंश, बुरशीची विषं अशा नगण्य प्रमाणातल्या गोष्टी यानेच शोधतात. युरोपियन फार्माकोपियात वनौषधींसाठी अफ्लाटॉक्सिन बी1 ची मर्यादा किलोमागे 2 मायक्रोग्रॅम आहे, यावरून नजर किती बारीक लागते ते कळेल.

चोरून मिसळलेली ॲलोपॅथिक औषधंही इथेच सापडतात: वजनाच्या औषधात सिब्युट्रामिन, सांधेदुखीच्या औषधात डेक्सामेथासोन. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी विकलं जाणारं पीसी-स्पेस हे आठ वनस्पतींचं मिश्रण 2002 मध्ये मागे घेतलं गेलं. त्याच्या वेगवेगळ्या बॅचमध्ये वॉरफरिन, इंडोमेथासिन आणि डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल सापडली होती. शेवटचं हे कृत्रिम इस्ट्रोजेन प्रोस्टेटच्या कर्करोगावर पूर्वीपासून वापरात होतं. म्हणजे रुग्णांना जो गुण आला तो वनस्पतींचा की याचा, हे सांगणं अवघड होऊन बसलं.

इतकं असूनही क्रोमॅटोग्राफी काही बाबतींत ठार आंधळी आहे. हळद चमकदार दिसावी म्हणून लेड क्रोमेट, शिशाचं पिवळं क्षार, मिसळल्याचे प्रकार झालेत. ते मिथेनॉलमध्ये विरघळतच नाही, गाळणकागदावरच राहून जातं. प्लेटवर तीन सुंदर पट्टे येतात आणि विष कचऱ्याच्या टोपलीत, चाचणीच्या बाहेर, पडून राहतं. जड धातूंसाठी धातूंचीच वेगळी चाचणी लागते, जंतूंसाठी जंतूंची. डीएनए चाचणी या सगळ्यांवर उतारा आहे असं काही जण म्हणतात. ती चूर्णावर उत्तम चालते. पण अर्क काढताना, उकळताना, गाळताना डीएनए तुटतो किंवा मागेच राहतो. शिवाय अश्वगंधेच्या मुळाच्या नावाखाली पानं मिसळली तर डीएनए काय सांगणार? झाड एकच. अश्वगंधेतला विथाफेरिन-ए हा घटक आणि पानांतली फ्लॅव्होनॉइडं मात्र क्रोमॅटोग्राफीत लगेच बोलतात.

माझ्यासमोर तपासणी अहवाल आला की त्यावर बहुधा एकच ओळ ठळक असते: अमुक घटक, 50 टक्के. पहिला प्रश्न, कुठल्या पद्धतीने? बॅकोसाइडसारख्या घटकांचा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर काढलेला आकडा एचपीएलसीच्या आकड्यापेक्षा बराच फुगलेला येऊ शकतो, कारण तिथे आजूबाजूची गर्दीही त्याच्याच खात्यात जमा होते. दुसरा प्रश्न, ओळखीची चाचणी केली का? तिथे नुसतं ‘अनुरूप’ असं छापलेलं असेल तर मी प्लेटचा फोटो मागवतो. फोटो आला की आधी नमुन्याकडे पाहत नाही. शेजारच्या रेघेत खात्रीची वनस्पती लावली होती, की फक्त शुद्ध घटकाची बाटली, ते पाहतो.